सुनेचं जपानी पान

माझी सून माझ्या मुलाला सोलापूरला येऊ देत नाही, असं मी सहा वर्षं सगळ्या शुक्रवार पेठेला सांगत होते. कुणी विचारायचा अवकाश. भाजीवालीला सांगितलं, बँकेतल्या बाईला सांगितलं, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी बायकांनाही सांगितलं. सून जपानी. लग्न तिकडंच झालं, कचेरीत सह्या करून. मला फोटो आला. मग नात झाली, तिचाही फोटोच आला. दर वर्षी मुलगा म्हणायचा, "या दिवाळीला नक्की येतो, आई." आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली की त्याचा आवाज खाली यायचा. "तिला नको वाटतंय गं. इथलं ऊन, तिथलं पाणी, पोटाचं काही झालं तर... तिची तयारी नाही." मी "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवून भांडी आपटायचे.

आमच्याकडं नवी सून पहिल्यांदा घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात. तिनं ते उजव्या पायानं हलकेच लवंडायचं. तांदूळ घरात सांडतात आणि मग ती घरची होते. माझं माप पितळी आहे, मीही तेच लवंडून या घरात आले. मुलाचं लग्न झालं तेव्हा मी ते चिंचेनं घासून कपाटात ठेवलं. पुढं दर दिवाळीला पुन्हा काढून घासायचे, पुन्हा ठेवायचे. हे घासणं म्हणजे प्रेम होतं असं कुणी समजू नये. अर्धा राग होता. येऊ दे तर खरी, मग बघते, असं मनात म्हणतच मी ते घासत असे.

व्हिडिओ कॉल व्हायचे दर रविवारी. मुलगा बोलायचा, नात कॅमेऱ्याला नाक लावायची आणि शेवटी एक मिनिट सून यायची. मान लववायची, "नमस्ते आई" म्हणायची आणि निघून जायची. मला वाटायचं, केवढी ही शिष्ट. सांगोल्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला तर काही बघायचीही गरज नव्हती. ती शेळ्या सोडता सोडता फोनवर निकाल द्यायची. "तुजा पोरगा लई गरीब हाय गं. ती मुठीत ठिवतीया त्याला. तू एकदा पक्की धर की तिला."

"कुटं धरू आक्का? ती तितं, मी हितं."

पण धरायची इच्छा माझ्या मनात रुजली ती तिथूनच.

आणि धरायला जागा माझ्याकडं होती. नात बालवाडीत जायला लागली तेव्हा मुलानंच एक लिंक पाठवली होती. सून रोज नातीचा डबा भरते, त्याचे फोटो काढते आणि खाली काहीबाही लिहिते, ते तिचं पान. "फोटो बघ, आई. मस्त असतात." वाच, असं तो म्हणाला नव्हता. मला वाचता येणार नाही याची त्याला खात्री होती. हायस्कुलात मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. पोरांनी बाकाखाली एकमेकांना पाठवलेली चिठ्ठी मी तीन बाकांवरून ओळखायचे. आणि इथं माझ्या घरची चिठ्ठी डोळ्यांसमोर उघडी पडलेली, अन् मला नुसती गाजराची फुलं दिसत होती.

नोकरीतून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात मुलाचा जुना लॅपटॉप उघडला. पानाचं आपोआप मराठी करणारं बटण असतं, ते दाबलं. जे निघालं ते असं: "आज भाताला पकडले. समुद्र गुंडाळला. नवरा खाल्ला गेला याचा आनंद." हसून घेतलं. पण पुढं एके ठिकाणी होतं, "जाऊ इच्छित नाही असे म्हटले." कोण म्हणालं? ती की तो? कुणाला म्हणालं? त्या बटणाला काही पत्ता नव्हता, आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं. तेव्हा ठरवलं, आपणच वाचायचं.

त्यांची साधी अक्षरं दोन महिन्यांत शिकले. तक्ता छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, माप ठेवलं होतं त्याच कपाटाला. अक्षरं आली, पण मधेमधे चिनी लिपीतून घेतलेली ती चित्राक्षरं उभी. एकेक चित्र कागदावर काढून त्याचा अर्थ शोधायचा म्हणजे एका डब्याला एक आठवडा. मग इंटरनेटवर शोधत बसले. कुठल्याशा परदेशी विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की वाचायला शिकणारे लोक ब्राउझरमध्येच एक छोटं साधन बसवून घेतात. शब्दावर बाण नेला की तिथल्या तिथं चौकट उघडते, उच्चार आणि अर्थ दोन्ही दिसतात. मला ते खरंच वाटेना. एवढं सोपं असतं तर मी दोन महिने कशाला घासत होते?

सोपं नव्हतंच. पहिलं साधन बसवलं तर ते चालेना. करणाऱ्यानं केव्हाच काम सोडलेलं होतं आणि नव्या ब्राउझरनं त्याला दार बंद केलेलं. दुसरं चाललं, पण बाण कुठंही नेला की चौकट उघडायची. मी नुसता फोटो बघायला जावं, तर ते मधेच अर्थ सांगायला उभं. माझ्या सासूबाई अशाच मधे मधे बोलायच्या. काढून टाकलं. तिसरं मात्र शहाणं निघालं. शिफ्टचं बटण दाबून बाण नेला तरच ते बोलायचं, एरवी गप्प. पण त्याच्या पोटात कोशच नव्हता. कोश वेगळा उतरवून घ्यायचा आणि त्याला भरवायचा.

कोश उतरवला. एकच बांधलेली फाईल आली. बांधलेलं काही आलं की मी आधी सोडते. किराणा आला की पुड्या सोडून डब्यांत भरायच्या, पेपरांचे गठ्ठे आले की दोरी कापायची, हे हातात बसलेलं. ती फाईलही सोडली. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फायलींची रांग. त्यातली एकेक त्या साधनाला द्यायला लागले. ते प्रत्येक वेळी नाही म्हणालं. चार दुपारी मी हाच उद्योग केला. शेवटी चिडून लॅपटॉप काखेत मारला आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

दुकानाचे मालक माझ्याच वयाचे. त्यांचे वडील उर्दू लग्नपत्रिका हातानं लिहायचे. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आमच्या शाळेच्या परीक्षांचे पेपर कैक वर्षं त्यांच्याच मशीनवर निघाले, एकदाही फुटले नाहीत. त्यांनी बघितलं आणि हसले.

"मॅडम, ही गठडी सोडायचीच नव्हती. बांधलेली हाय तशीच द्यायची. तो आपला आपण सोडून घेतो. तुमी शिकवणारी माणसं, पाकीट दिसलं की फोडलंच."

पुन्हा उतरवून तशीच बांधलेली दिली. साधनानं मुकाट्यानं खाल्ली. त्यांनी सुनेचं पान उघडलं, शिफ्ट दाबून एका शब्दावर बाण नेला. चौकट उघडली. इंग्रजीत 'स्पिनॅच', म्हणजे पालक. मी टाळी वाजवली.

"कुणाचं हाय हे पान?" त्यांनी विचारलं.

"सुनेचं."

"तुमी वाचता, तिला म्हाईत हाय?"

"तिनंच जगासाठी उघडं ठेवलंय ते."

"जगासाठी ठेवलंय, व्हय. सासूसाठी ठेवलंय का, ते इचारा की तिला." त्यांनी लॅपटॉप बंद करून माझ्याकडं सरकवला. मला त्यांचा राग आला. त्या दिवशी मी त्यांचा चहाही घेतला नाही.

मग माझ्या दुपारी सुरू झाल्या. जेवण, भांडी, दोन वाजता लॅपटॉप. कोशातले अर्थ इंग्रजीत, ते मी मराठीत करून वहीत लिहायचे. इंग्रजी शब्द अडला तर शाळेतली जुनी डिक्शनरी मांडीवर. आणि मला एक गंमत सापडली. त्यांचं क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'मुलीच्या डब्यात भेंडी घातली' हे तिचं वाक्य मी शब्दामागून शब्द लावत गेले तर आपोआप मराठी वाक्य तयार झालं, काही उलटंपालटं करावं लागलं नाही. पन्नाशी उलटून गेल्यावर नवीन भाषा कुणाला एवढी सरळ भेटते! त्या दिवसांत मी खूश होते. कशासाठी वाचतेय ते विसरूनसुद्धा वाचायचे. नातीला मुळा आवडत नाही, हे मला पोरानं कधी सांगितलं नव्हतं. ते मला सुनेनं सांगितलं.

पण विसरले नव्हते. 'सासू' हा शब्द त्यांच्यात दोन चित्रांचा आहे, कर्तव्य आणि आई. ती दोन चित्रं इंटरनेटवरून उचलून तिच्या पानाच्या शोधपट्टीत टाकली आणि मी स्वतःला तिच्या पानात शोधायला निघाले. निंदाच निघेल अशी तयारी करून बसले होते, वहीत वेगळं पानही आखलं होतं. पहिल्यांदा सापडले ती मी पार्सलनं पाठवलेल्या चटणीत. "भारतातल्या सासूबाईंकडून शेंगदाण्याची चटणी आली. फार तिखट. भाताच्या गोळ्यात थोडी लपवली. मुलीनं डबा पुसून खाल्ला." दुसऱ्यांदा सोलापुरी चादरीत. नातीला ताप असताना तीच चादर लागते, म्हणे. राग यावा असं काहीच निघेना, आणि त्याचाच मला राग आला. आक्काला काय सांगणार होते मी?

मग ते पान आलं. तीन वर्षांपूर्वीचं, दिवाळीच्या सुमाराचं. फोटोत डबा नव्हता. एक चौकोनी लाकडी पेटी होती, तांदळानं भरलेली, दारात ठेवलेली. ते वाचायला मला तीन दुपारी लागल्या. वहीत जे उतरलं ते असं:

"नवऱ्याच्या गावी नवी सून तांदळाचं माप पायानं लवंडून घरात येते. नवऱ्यानं पूर्वी एकदा सांगितलं होतं. आज माझ्या आजोबांचं लाकडी माप काढलं. तांदूळ भरून आमच्याच दारात ठेवलं आणि सराव केला. उजवा पाय. जोरात लागला. मुलगी हसली, मग तिनंही लवंडलं. तांदूळ वेचायला अर्धा तास गेला. नवऱ्याला विचारलं, या वर्षी जाऊ या का? नवरा म्हणाला, आईला तू नको आहेस. तिनं तुला अजून मान्य केलेलं नाही. मी म्हटलं, वाट पाहीन. चटणी येते आहे, म्हणजे राग थोडा कमी झाला असेल."

मी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. शिफ्ट दाबून एकेक शब्द, एकेक चौकट. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्या दुपारी मला माझी चूक हवी होती. निघाली नाही. 'नवरा' म्हणजे नवराच होता, 'आई' म्हणजे मीच होते. पुढच्या वर्षाच्या दिवाळीचं पान काढलं. तिनं पुन्हा विचारलं होतं, त्यानं तेच सांगितलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माझ्याशी बोलताना तिचं नाव, तिच्याशी बोलताना माझं. पोरगा दोन्ही डगरींवर पाय देऊन सहा वर्षं आरामात उभा होता. सुनेला धरायला लावलेल्या सापळ्यात माझाच मुलगा सापडला. मला त्याची किळस आली. पोटच्या पोराबद्दल असं लिहू नये, पण आली.

आणि मग स्वतःचीही. कारण त्याच्या खोट्याला एक खरा दगड मीच पुरवला होता. लग्नाची बातमी त्यानं फोनवर सांगितली तेव्हा मी ओरडले होते, "तिला माझ्या घरात आणायची नाही." आठ दिवसांनी मीच फोन केला, "झालं ते झालं, घेऊन ये रे तिला," म्हणाले आणि त्याच दिवशी माप घासायला काढलं. त्यानं पहिलं वाक्य जपून ठेवलं आणि दुसरं टाकून दिलं.

मान लववून पळणारी ती शिष्ट बाई आठवली. ती मला भीत होती.

प्रत्येक पानाखाली वाचकाला लिहायला एक चौकट होती. पण माझं साधन वाचायचं, लिहायचं नव्हे. तेव्हा मी तिच्याच पानांतून शब्द वेचले. 'स्वच्छ' एका धुतलेल्या डब्यातून उचलला. 'माप' त्याच पानातून. 'राग' चटणीच्या ओळीतून, त्याला 'नाही' मुळ्याच्या पानातून जोडला. 'वाट पाहते' तिच्याच 'वाट पाहीन'मधून, त्यांच्यात दोन्हीला रूप एकच. एक अख्खी दुपार वेचण्यात गेली. शेवटी लिहिलं ते एवढंच: "मी सोलापूरची आई. माप स्वच्छ करून ठेवलं आहे. राग नाही. वाट पाहते." पाठवायचं बटण दाबलं. उठून मी माप कपाटातून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

दोन दिवस काही आलं नाही. तिसरा दिवस रविवार. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांनी येतं, ते नेमकं त्या सकाळी आलेलं, मोटर चालू. कॉल आला तर पडद्यावर तो एकटाच.

"आई, तू तिच्या पानावर काय लिहिलंस?"

"तुला येतं की जपानी. वाच."

"किती दिवस वाचतेयस तू हे?"

"लिंक तूच दिलीस."

"फोटो बघायला दिली होती! आई, इथं असं चालत नाही. कुणाच्या खासगी गोष्टीत असं..."

"आणि आईच्या नावानं बायकोला खोटं सांगितलेलं चालतं?"

तो म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, आणायची नाही म्हणून."

"आठ दिवसांनी काय म्हणाले होते?"

"तुला नाही कळायचं, आई. ती तिथं येणार, मग ती गल्ली, ते पाणी, ती मावशी, सगळ्यांचे ते प्रश्न. मी तिथून निघालो तो निघालो. मला परत ते सगळं दाखवायचं नव्हतं तिला. तुम्हा दोघींना त्रास नको म्हणून..."

"आमच्यावर ढकलू नकोस. तिला बोलाव."

"ती नाही यायची. तू चोरून वाचलंस ते तिला आवडलेलं नाही."

"तिला बोलाव म्हणते ना मी!"

"तिला नको वाटतंय, आई."

तेच वाक्य. शब्दही तेच, आवाजही तसाच खाली आलेला. खरं असेलही. चोरून तर मी वाचलंच होतं, झेरॉक्सवाल्यांनी बजावूनही. पण याच तोंडानं सहा वर्षं हेच सांगितलेलं, आता खरं-खोटं कसं ओळखायचं? मला ओरडायचं होतं. सवय वाईट, माझ्या तोंडून "बरं" निघून गेलं. त्यानं फोन ठेवला. टाकी भरून वाहत होती, मोटर मी बंद केली.

मग ओल्या हातानंच लॅपटॉप उघडला. म्हटलं, त्याचं राहू दे, ती काय लिहिते ते तर बघू. डबे नव्हते, गाजराची फुलं नव्हती, लाकडी माप नव्हतं. पांढरं पान, मधोमध एक ओळ आणि तिच्याखाली परवलीचा शब्द टाकायला रिकामी जागा. बोट शिफ्टवर गेलं, बाण ओळीपाशी नेला, आणि लक्षात आलं की ओळ मी वाचून मोकळी झाले आहे. "हे पान परवानगी असलेल्यांनाच पाहता येईल." कोशाशिवाय मला कळलेलं ते पहिलं जपानी वाक्य. कुलूप तिनं लावलं की त्यानं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.